निखाड्यांच्या शेतातला कोळसा

पत्रूजी निखाड्यांच्या हरभऱ्यात त्या सकाळी आठ पेट्या मांडलेल्या होत्या. पत्र्याच्या, प्रत्येकी मीटरभर लांब, आत भोकातून निघालेल्या दगडाच्या कांड्यांच्या पाच ओळी. म्हणजे वरची सहा मीटर माती सोडून, एका पेटीत पाच मीटर जमीन मावायची. पहिल्या पाच पेट्यांत वाळूचा दगड होता, वर पिवळा आणि खाली जाईल तसा राखी. सहावीत काळपट शेल, म्हणजे पापुद्र्यांचा चिखलदगड, त्यावर जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे. सातवीच्या तिसऱ्या ओळीत कोळसा सुरू होत होता आणि तो आठवीत उतरला होता. पेट्यांपलीकडे ड्रिलिंगचं एक यंत्र, पाण्याचा एक टँकर, एक बाज, सौरपंपाच्या दहा प्लेटा, आणि एकमेकांशी सरळ न बोलणारी दोन माणसं.

"मॅडम, सांगा यायले, चहा झाला म्हना," पंचफुलाबाई म्हणाल्या.

पत्रूजी तीन हात अंतरावर उभे राहून ओल्या धोतराच्या तुकड्याने प्लेटा पुसत होते.

"काका, चहा झाला," मी म्हटलं.

"सांगा तिले, आयकू आलं म्हना."

"आयकू आलं त या म्हना. मले काय दिवसभर कप धरून उभं राहाचं हाय काय?"

"काच पुसतो म्हना. धूय बसली की पानी कमी येते."

"काच पुसते," पंचफुलाबाई कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "माया चष्म्याची काच तीस वर्सांत नाही पुसली ह्या मानसानं."

"तीस वर्सं चष्मा होता काय तुले?" पत्रूजी प्लेटांकडेच बघत म्हणाले. हे त्यांनी सरळ तिला विचारलं होतं हे दोघांच्याही लक्षात आलं, आणि पत्रूजींनी पुढची प्लेट पुसायला घेतली.

त्या गोष्टीला आता आठेक वर्षं झाली. भूविज्ञानात एम.एस्सी. करून मी नुकतीच एका सल्लागार कंपनीत लागले होते, आणि वणीच्या पुढे वर्धा नदीकाठच्या आमडी गावात ही माझी पहिलीच जागा. नदीपलीकडे, पूर्वेला, कोळशाचा जाड थर होता. त्याची खाण ठरलेली होती. तो थर पश्चिमेकडे येताना बारीक होत जातो, एवढं माहीत होतं. किती बारीक, ते आम्हाला शोधायचं होतं. पत्रूजींच्या शेताखाली तो पाच मीटर किंवा त्याहून जाड निघाला, तर खाणीची हद्द वस्तीमागच्या ओढ्यापर्यंत सरकणार होती, आणि त्यांचं शेत, शेतातलं घर आणि मागची वस्ती त्यात जाणार होती. पाचाहून कमी निघाला, तर हद्द शेताच्या नदीकडच्या पांदणीवर, गाडीवाटेवरच थांबणार होती.

हे मी पहिल्याच दिवशी दोघांना समजावून सांगितलं होतं. पत्रूजींनी ऐकून घेतलं आणि यंत्राच्या मिस्त्रीला, मल्लय्याला, जिथे भोक पाडायचं तिथला हरभरा आधी उपटू द्यायला सांगितलं. पंचफुलाबाईंनी विचारलं, "अन् जायचं झालं त घरं कुठं देते?"

"वणी रोडला, नवी कॉलनी."

"खांबावर लाइट राह्यते काय तिथं? रस्त्याच्या खांबावर?"

"राहतील."

"रातभर?"

"रातभर."

त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून रोज तीन वेळा बांधावर येऊन विचारू लागल्या, "लागला काय कोयसा?"

पंचफुलाबाई खाणीतल्या माणसाची मुलगी होत्या. नदीच्या खालच्या अंगाला पूर्वी एक भुयारी खाण होती; तिच्या कॉलनीत त्या वाढल्या होत्या. मी पेट्यांतले तुकडे ओले करून, भिंगाखाली धरून लिहीत बसले की त्या बाजेच्या कडेला टेकायच्या आणि हातात काही नसलं तरी निवडण टिपल्यासारखी बोटं हलवत बोलत राहायच्या.

"भोंगा झाला की बाबा निंघे. टोपीले लाइट. एक नाही, शंभर मानसं, समद्यायच्या टोपीले लाइट. सकाईचा अंधार राहे ना, त नुसते लाइटच चालत जाये. मानूस दिसेच नाही. मी खिडकीतून मोजत राहो, बाबाचा कोनता, बाबाचा कोनता. मग एकाएकानं जमिनीत जाये."

"भीती नाही वाटायची?"

"कायची? संध्याकाई तेच लाइट जमिनीतून वर येये." त्या हसायच्या. "अन् संध्याकाई घरोघरी शेगडी पेटे. कोयशाचा धूर कसा राह्यते मालूम हाय काय तुले? लाकडाचा धूर वर जाते. कोयशाचा खालीच निजते. गुडघ्याएवढा. आमी पोरी त्याच्यातून पयत जावो बाबाले आनाले, त पाय दिसेच नाही. ढगात चालल्यासारखं."

त्यांचं लग्न होऊन त्या आमडीत आल्या तेव्हा इथे वीज नव्हती. पुढे आली, ती गावापुरती. शेतातल्या या घरापर्यंत खांब कधी आलाच नाही. पंपाची लाइन होती, तिला वीज रात्रीच सोडायचे.

"रात्री बारा ते सकाई आठ," पत्रूजी म्हणाले होते. ते दुपारची भाकर खायला आले की माझ्याशी बोलायचे. "दिवसा वीज कारखान्याले. रात्री आमाले. सापायच्या मधात उभं राहून पानी ओलाचं. माया भाऊ त्यातच गेला. अन् आता हे." त्यांनी हनुवटीने प्लेटा दाखवल्या. "ऊन पडलं की पानी. दिवसा. डोयानं दिसते कोनत्या सरीत चाललं थे. पन्नास वर्सं शेती केली, पन हे तीन वर्सं मी पयल्यांदा शेतात उभा राहून माया गव्हाले पानी पेताना पाह्यलं."

"ते दिसते," पंचफुलाबाई आतून म्हणाल्या, "माया घरातला अंधार नाही दिसत. पंपाले प्लेटा देल्या सरकारनं, घराले नाही देल्या. सांगा यायले, मले गहू व्हाचं नाही म्हना."

"सांगा तिले, गव्हाची पोयी खाते म्हना."

दुपारी तिथे फार शांत व्हायचं. यंत्र चालू असलं तरी शांत. त्याचा एकसुरी आवाज थोड्या वेळाने ऐकू येईनासा व्हायचा. नदीवरून गरम वाऱ्याची एक झुळूक यायची, हरभऱ्याची आंब अंगाला चिकटायची, आणि क्षितिजावर वीज केंद्राच्या चार चिमण्या उन्हात थरथरत उभ्या असायच्या, पाण्यात बुडाल्यासारख्या. मी कित्येकदा पेट्यांशेजारी बसल्या बसल्या पेंगायचे. पेंगताना मला वाटायचं, आपण आठ पेट्यांच्या काठावर बसलो आहोत आणि खाली पाणी आहे. उथळ, काळं, पानांनी भरलेलं. पंचवीस-सव्वीस कोटी वर्षांपूर्वी इथे तसंच होतं. दलदल, आणि थंडी पडली की एकदम पानं गाळणारी झाडं.

एकदा मी सहाव्या पेटीतला शेल फोडला. आत पानाचा अख्खा ठसा निघाला, मधली शीर, बाजूच्या जाळीदार शिरा, सगळं. पत्रूजींना दिला. त्यांनी तो उन्हात धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"हे बेहड्याच्या पानासारखं हाय."

"बेहडा तेव्हा नव्हता."

"नसंन. पन उन्हाकडं तोंड करूनच वाढलं असंन ना? त्याच उन्हाकडं." त्यांनी प्लेटांकडे पाहिलं. "मंग तुमाले त्याच्यापायी एवढं खाली काहून जाचं हाय?"

तोच प्रश्न मी संध्याकाळी फोनवर पळसुले सरांना वेगळ्या शब्दांत विचारला. ते नागपूरच्या ऑफिसात बसायचे. आमचे सगळे आकडे त्यांच्याकडे जायचे.

"भोईटे, मागच्या उन्हाळ्यात वीज केंद्रांकडे किती दिवसांचा कोळसा उरला होता, माहीत आहे?"

"वाचलंय, सर."

"मग? दिल्लीहून रोज पत्र येतं. मार्चच्या आत सगळी भोकं पूर्ण करा. जिथे कोळसा असेल तिथला आकडा हवा."

"पण त्याच आठवड्यात दुसऱ्या खात्याने सोलरचं जाहीर केलं. तेही याच तालुक्यात. एकीकडे म्हणतात कोळसा कमी करायचा..."

"दिवसा कमी करायचा. संध्याकाळी सात वाजता सूर्य मावळतो आणि सगळा देश घरी येऊन पंखा लावतो. तेव्हाचं काय करायचं ते अजून कोणी ठरवलेलं नाही. दोन खाती आहेत, दोन टेबलं आहेत. आपलं टेबल खड्ड्याचं. पाचाच्या वर की खाली, एवढं सांगा."

कोळसा लागला त्या दिवशी दुपारपासूनच यंत्राचा आवाज बदलला. दगडातून जाताना ते कुरकुरत होतं, आता एकदम मऊ बोलायला लागलं. मल्लय्याने हात वर केला. तो तेलंगणातल्या सिंगरेणीच्या खाणींकडचा, तीस वर्षं हेच काम करणारा. त्याचं मराठी अर्धं तेलुगूत असायचं. भोकातून वर येणारं पाणी काळं झालं. पंचफुलाबाई पदर खोचून धावत आल्या, आणि नळीतून पहिला तुकडा पेटीत पडला तेव्हा त्यांनी तो उचलून नाकाला लावला.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच वास."

पत्रूजी आले नाहीत. ते शेताच्या दुसऱ्या टोकाला नसलेलं गवत काढत होते.

कोळसा ठिसूळ होता, कांडी अखंड निघत नव्हती. बराचसा चुरा होऊन यायचा. अंधार पडायच्या आत तळाचा करडा दगड लागला. मल्लय्याने यंत्र थांबवलं. ओल्या कोळशाचं माप घ्यायचं नाही, पाणी निथळल्यावर सकाळच्या उजेडात घ्यायचं, अशी आमची पद्धत. मी पेट्यांवर ओलं बारदान टाकलं आणि गावातल्या खोलीवर गेले.

सकाळी बारदान काढलं आणि टेप लावला. सातव्या पेटीत दोन मीटर अठ्ठ्याऐंशी. आठवीत दोन मीटर बत्तीस. पाच मीटर वीस.

मी पुन्हा मोजलं. पाच मीटर वीस. पंचफुलाबाई बांधावर उभ्या होत्या, पण रोजच्यासारखं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एकेक तुकडा हातात घेऊन नोंद करायला बसले.

आठव्या पेटीच्या दुसऱ्या ओळीत, अर्ध्याच्या जरा पुढे, कोळसा वेगळा होता. अलीकडचा ओलसर, कापल्यासारखा चमकदार. हा मंद, कोरडा, कडांना पांढुरकी बुरशी यावी तसा क्षार. खूप वर्षं हवेत पडलेल्या कोळशावर तो येतो. मी त्यातला सगळ्यात मोठा तुकडा उलटा केला. चाळीस-बेचाळीस मीटर खोलीवरून वर आलेल्या त्या कोळशाला हळदकुंकू लागलेलं होतं.

बोटाने घासलं. कुंकू जुनं होतं, तेलकट, थरावर थर. वर्षानुवर्षं लावलेलं.

मी तो तुकडा घेऊन घरापाशी गेले. पंचफुलाबाई अंगणात डाळ पाखडत होत्या. मनात मी वाक्य जुळवून ठेवलं होतं, की मावशी, असं करून चालत नाही, मला तुमचं कळतं, पण. ते मी बोललेच नाही. तळहात पुढे केला.

त्यांनी आधी तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तुकड्याकडे. सूप खाली ठेवलं.

"हा तुयाजवय कसा आला?"

"पेटीत होता."

"कोनत्या पेटीत? हा त माया बाबाचा हाय."

त्या उठून आत गेल्या. आत काहीतरी सरकवल्याचा, मग झाकण निघाल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात डालड्याचा जुना डबा होता.

"लगनात बाबानं देला होता," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आमच्यात देते. लेकीच्या पयल्या चुलीले बापाच्या खानीचा कोयसा. पन इथं चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जायते, कोयसा काय कामाचा. मंग मी ठेवला. दसऱ्याले इया-कोयत्याची पूजा करते ना हे, त मी त्याच्या बाजूले हा ठेवो. दर सालाले."

त्यांनी डबा माझ्यासमोर तिरपा केला. डबा भरलेला होता. शेतातल्या काळ्या मातीच्या ढेकळांनी, काठोकाठ, वरून दाबून सारखा केलेला.

"उचलला असता त वजनानं समजलं नसतं मले," त्या म्हणाल्या.

मग त्या अंगणाच्या कडेला गेल्या आणि मी त्या शेतात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला सरळ हाक मारली. "अहो. इकडं या."

पत्रूजी प्लेटांपाशी होते. हातातलं फडकं घडी करून खांद्यावर टाकलं आणि आले. डबा पाहिला. माझ्या हातातला तुकडा पाहिला.

"माया बाबाचा कोयसा कुठं हाय?"

"मॅडमच्या पेटीत असंन."

"काहून?"

"कमी पडत होता."

"तुमाले कोनं सांगतलं कमी पडते म्हून?"

"मल्लय्यानं. काल वितीनं मोजलं त्यानं. म्हने चार, साडेचार. पाच पायजे."

"यानं नुसतं विचारलं म्हनून मी बोललो," यंत्रापाशी बसलेला मल्लय्या लांबून ओरडला. "मेडम, मला माहीत नाही हा असं करेल!"

"सकाई आलो," पत्रूजी माझ्याकडे बघत म्हणाले, कारण तिच्याकडे बघणं त्यांना जमत नव्हतं. "खालचा करडा दगड जरा पुढं सरकवला. मधात जागा झाली, त्याच्यात भरला. बारीक करून भरला, तुमच्यासारखाच. तो एक बारीक होत नव्हता. मोठा ठेवला."

"त्याले कुकू होतं."

"मले काय दिसते काय तेवढं? चष्मा कोनं पुसला माया?"

मल्लय्या हसला आणि मग त्याने तोंड फिरवलं.

"तुमाले त जाचंच नव्हतं," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"नव्हतंच."

"मंग?"

"आताही नाही जाचं."

"अहो मंग काहून भरला?"

पत्रूजी खाली बसले. पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. "तू पाहाटे उठतं," ते म्हणाले. "अजून. रोज. उठून बसतं, खिडकीकडं पाहातं. मी विचारलं होतं एकदा, लगन नवं होतं तवा, त तू म्हनली भोंगा झाला. मी आयकलं कान देऊन. इथं कुठं भोंगा? पन तुले होते. तीस वर्सं झाले, तुले रोज भोंगा होते अन् तू खिडकीतून अंधाराकडं पाहून निजतं." उकरलेली माती त्यांनी पायाने सारखी केली. "मी जागा राहातो. तुले वाटते मी निजलो हाय."

सुपातल्या डाळीवर एक चिमणी येऊन बसली आणि पंचफुलाबाईंनी तिला हाकललं नाही.

"येडे हा तुमी," शेवटी त्या म्हणाल्या. "ठार येडे. पोरी, तो कोयसा काढ पेटीतून. जेवढा हाय तेवढाच लिव."

मी आणि त्या पेटीपाशी बसून एकेक तुकडा वेचला. माझ्यापेक्षा त्यांचा हात भराभर चालत होता. त्या बघतही नव्हत्या, बोटांनीच ओळखत होत्या. त्यांनी काळी माती अंगणातल्या तुळशीपाशी ओतली आणि कोळसा डब्यात भरला. तळाचा करडा दगड मी मागे सरकवला आणि टेप लावला. चार मीटर अडतीस.

"चार अडतीस," मी म्हटलं.

"म्हंजे नाही जात," पत्रूजी म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद असा काही नव्हता.

"तसं नाही, काका." मला हे सांगायचंच होतं. "पेटीतलं आम्ही मोजतो, पण कोळसा ठिसूळ असतो. वर येताना पाण्याबरोबर थोडा वाहून जातो. किती गेला ते पेटी सांगत नाही. म्हणून भोकातच मोजतात. नागपूरहून गाडी येईल. तिच्यात एक लांब नळी असते, ती तारेने भोकात सोडायची आणि हळूहळू वर ओढायची. कोळसा दगडापेक्षा हलका. नळी त्याच्यासमोर आली की पडद्यावरची रेष एका बाजूला कलते, थर संपला की परत येते. तो आकडा खरा."

"म्हंजे मी भरला नसता, तरी?"

"तरी तोच."

"अन् भरला, तरी?"

"तरी तोच."

पत्रूजींनी मल्लय्याकडे पाहिलं. "अन् तू वितीनं मोजून राह्यला होता बे."

गाडी आली ती भर दुपारी. तिच्याबरोबर आलेला माणूस कमी बोलणारा होता. त्याने नळी उन्हात तपासली, भोकावर तिपाई उभी केली आणि तार सोडू लागला. यंत्र बंद होतं, त्यामुळे पहिल्यांदाच त्या शेतात खरी शांतता झाली. पंपाचं पाणी सरीतून चाललेलं ऐकू येत होतं. पत्रूजी आणि पंचफुलाबाई बाजेवर शेजारी शेजारी बसले होते. मी गाडीच्या मागच्या दारात, पडद्यासमोर. ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते आणि मी तिथे नसल्यासारखे बोलत होते.

"जास्तच निघंन," पत्रूजी म्हणाले.

"कमी निघू द्या देवा."

"आता कमी काहून? लाइट पायजे ना तुले?"

"मी काय म्हनलं मले कॉलनी पायजे? कोनती कॉलनी? बाबाची कॉलनी पडली कवाचीच. खान बंद झाली, भिताडं पडले, बाभई वाढल्या. मले मालूम नाही काय? शेवंता मावशीच्या तेरवीले गेली होती, त पाहून आली. तिथं कुत्रंही नाही."

"मंग एवढे दिवस काहून म्हनत होती, जाचं जाचं?"

"म्हनाले काय जाते?"

"पन भोंगा होते तुले."

"होऊ द्या ना. थो त कुठंही गेलं तरी होईन. इथं होते त निदान तुमी जागे राहाता."

नळी तळाला टेकली. माणसाने हात वर केला आणि तार उलटी गुंडाळायला लागला, इतकी हळू की ती हलते आहे हे कळत नव्हतं. पडद्यावर एक हिरवी रेष खालून वर सरकू लागली. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. वीज केंद्राच्या चिमण्या आणि नदी आणि हरभरा सगळं त्यात विरघळल्यासारखं दिसत होतं, आणि गाडीच्या आत त्या काळोख्या चौकोनात ती रेष तेवढी होती, जमिनीतून कोणीतरी टोपीवर दिवा लावून चालत वर यावं तशी.

"कवापासून वर येऊन राह्यली," पंचफुलाबाई कुजबुजल्या.

"येऊ दे. घाई कायची."

"तंबाखू हाय काय?"

"हाय. चुना नाही."

"चुना माया चंचीत हाय."

रेष एकदम कलली. मी त्या ठिकाणची खोली वाचून कागदावर लिहिली. मग ती तशीच कललेली वर सरकत राहिली. मी पडद्याच्या कडेचे आकडे पाहत होते. मागे बाजेवर चंचीची गाठ सुटल्याचा आवाज आला, तळहातावर तळहात मळल्याचा. रेष परत सरळ झाली. तीही खोली मी लिहिली. माणसाने नळी वर काढली, पुसली, पुन्हा एकदा सोडली. दुसऱ्या खेपेलाही रेष त्याच दोन ठिकाणी वळली.

फोन वाजला. पळसुले सर. "भोईटे? झालं? किती?"

मी गाडीतून उतरले. उन्हात आधी मला काही दिसलं नाही. मग बाज दिसली. पत्रूजींनी चिमूट तिच्या हातावर ठेवली होती आणि दोघांनी एकदमच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी फोन कानाला लावला आणि त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं.

"थराचं छत अडतीस मीटर बारा सेंटिमीटर. तळ त्रेचाळीस मीटर अठ्ठावन्न. जाडी पाच मीटर सेहेचाळीस."